तीव्र विषाणुजन्य फुप्फुसविकारातील प्राणवायू-न्यूनता आणि प्रतिकारदाह : ‘सायटोकाइन वादळ’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला जे वैद्यकीय शब्द नव्याने परिचयाचे झाले, त्यांत ‘सायटोकाइन वादळ’ हा शब्दप्रयोग विशेष लक्षणीय आहे. विषाणू रुग्णाला मारत नाही, रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्तीच बेभान होऊन त्याला मारते, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावला गेला. त्याच काळात प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या काढ्यांचा आणि गोळ्यांचा घरोघरी प्रसार होत होता. एकच शक्ती वाढवावी असेही सांगितले जात होते आणि तीच प्राण घेते असेही सांगितले जात होते. या विसंगतीची दखल फारशी कोणी घेतलेली दिसत नाही.

प्रस्तुत लेखाचा उद्देश या शब्दप्रयोगाच्या लोकप्रियतेवर टीका करणे एवढाच नाही. ‘वादळ’ या रूपकाने एका गुंतागुंतीच्या विकाराचे दोन तुकडे केले. एका बाजूला दाह, म्हणजे कारण; दुसऱ्या बाजूला रक्तातील प्राणवायूची घट, म्हणजे परिणाम. प्रत्यक्षात ही दोन्ही एकमेकांना जन्म देणारी आहेत, आणि दाह केव्हा दाबावा याचे उत्तर प्राणवायूच्या स्थितीकडे पाहिल्याखेरीज मिळत नाही. ही विभागणी केवळ शब्दांपुरती राहिली असती तर तिची चिकित्सा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु तिच्यातून औषधोपचाराचे निर्णय झाले, म्हणून ती आवश्यक ठरते.

संकल्पनेचा प्रवास

‘सायटोकाइन वादळ’ ही संज्ञा फुप्फुसविकारासाठी घडविलेली नव्हती. १९९३ मध्ये ती अस्थिमज्जा-रोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात त्या विकाराच्या संदर्भात वापरली गेली. पुढे २००६ च्या मार्च महिन्यात लंडनमध्ये टीजीएन १४१२ या औषधाच्या चाचणीत सहा निरोगी स्वयंसेवक काही तासांत अत्यवस्थ झाले आणि वादळाचे जणू प्रात्यक्षिकच जगापुढे आले. येथे विषाणू नव्हता, जंतू नव्हता. प्रतिकारपेशींना थेट चेतविणारे औषध होते. या उदाहरणाला वादळ हा शब्द शोभतो, कारण सुरुवात अकस्मात झाली, उद्रेक सर्व शरीरभर होता आणि त्याचे कारण प्रतिकारयंत्रणेतच होते.

इन्फ्लुएंझाच्या अभ्यासात ही संज्ञा आली ती एच५एन१ या पक्ष्यांच्या विषाणूमुळे. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये १८ जणांना त्याची लागण झाली व त्यांपैकी ६ दगावले. हा विषाणू मानवी मॅक्रोफेज पेशींकडून दाहकारक प्रथिने मोठ्या प्रमाणावर स्रवून घेतो, असे २००२ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. २००६ मध्ये व्हिएतनाममधील रुग्णांच्या अभ्यासातही सायटोकाइनांची वाढ आढळली. परंतु त्याच अभ्यासात विषाणूंचे प्रमाणही तितकेच वाढलेले होते. त्या संशोधकांनी काढलेला अर्थ असा की, विषाणूवर लवकर उपचार करावा. म्हणजे मूळ अभ्यासात वादळ हे अनियंत्रित संसर्गाचे लक्षण होते, स्वतंत्र रोग नव्हे. लोकप्रिय लेखनात मात्र हा भाग गळाला आणि वादळ तेवढे उरले.

मग हे रूपक मागच्या काळातही नेले गेले. १९१८ च्या साथीत तरुण इतक्या संख्येने का मेले, याचे उत्तर ‘त्यांची प्रतिकारशक्ती जोमदार होती म्हणून’ असे ठरीव वाक्य झाले. त्या साथीने मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक बळी घेतले, तेव्हा हा प्रश्न आपल्यासाठी परका नाही. पुनर्निर्मित १९१८ च्या विषाणूवर माकडांत झालेल्या २००७ च्या प्रयोगात प्रतिकारयंत्रणेचा प्रतिसाद बिघडलेला आढळला, हे खरे. परंतु जतन केलेल्या ऊतींची आणि त्या काळच्या शवविच्छेदन अहवालांची मोरेन्स, टॉबेनबर्गर व फाउची यांनी २००८ मध्ये केलेली तपासणी वेगळेच सांगते. बहुसंख्य मृत्यूंत विषाणूमागून आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया होता. वादळाच्या कथेत जिवाणूला जागा नाही, म्हणून तो वगळला गेला असे म्हणावे लागते.

त्या काळच्या डॉक्टरांनी ज्याची नोंद सर्वांत ठळकपणे केली ते होते रुग्णाच्या चेहऱ्याचे निळे-जांभळे पडणे. प्राणवायूची घट त्यांना डोळ्यांनी दिसत होती. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९१७ मध्येच, विषारी वायूने फुप्फुसे जळालेल्या सैनिकांच्या अनुभवावरून, प्राणवायू मोजून मापून कसा द्यावा याविषयी लिहिले होते. शंभर वर्षांपूर्वीचे वैद्यक प्राणवायूपासून सुरुवात करीत होते. आपण सायटोकाइनांपासून सुरुवात केली.

दाह, शोथ आणि आग

मराठीत या विषयावर लिहिताना भाषेचाही एक अडसर येतो. ज्याला आपण ‘दाह’ म्हणतो त्या शब्दात आग आहे. आगीला हवा लागते. हवा तोडली की ती विझते. फुप्फुसातील दाहाचे वर्तन नेमके याच्या उलट आहे. प्राणवायू कमी झाला म्हणजे तो भडकू शकतो. जुना ‘शोथ’ हा शब्द सुजेकडे, पाझरण्याकडे लक्ष वेधतो आणि प्रस्तुत लेखकाच्या मते येथे तोच अधिक यथार्थ आहे. मात्र रूढीला मान देऊन या लेखात ‘दाह’ हाच शब्द ठेवला आहे.

फुप्फुसात घडते ते थोडक्यात असे. वायुकोशांच्या भिंती अत्यंत पातळ असतात. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला केशवाहिनीतील रक्त. विषाणू या भिंतीच्या पेशींत शिरतो. वायुकोश मिटू न देणारा स्निग्ध द्रव बनविणाऱ्या पेशीही त्यात नष्ट होतात. पहिल्या काही दिवसांत इंटरफेरॉन नावाच्या प्रथिनांनी विषाणूला रोखणे अपेक्षित असते. कोविडच्या गंभीर रुग्णांपैकी अनेकांत नेमकी हीच पहिली फळी दुबळी होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात जीवघेण्या न्यूमोनियाच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. येथे प्रतिकारशक्ती ‘अति’ होती असे म्हणावे की ‘उणी’ होती असे? आरंभी उणी, म्हणून नंतर अति, हे त्याचे उत्तर आहे; आणि ‘वाढवा’ किंवा ‘दाबा’ या दोन्ही घोषणा त्यापुढे सारख्याच अपुऱ्या ठरतात.

पुढच्या टप्प्यात भिंत पाझरू लागते, वायुकोशात द्रव साचतो, आणि रक्त प्राणवायू न घेताच पुढे जाते. कोविडमध्ये याला केशवाहिन्यांतील सूक्ष्म गुठळ्यांची जोड मिळाली. २०२० मध्ये कोविड व इन्फ्लुएंझा यांनी दगावलेल्या प्रत्येकी सात रुग्णांच्या फुप्फुसांची तुलना झाली, तेव्हा कोविडमध्ये अशा गुठळ्या नऊपट आढळल्या. नमुना लहान आहे, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

येथवरचा क्रम दाहाकडून प्राणवायू-न्यूनतेकडे जातो आणि तो सर्वांना मान्य आहे. उलट दिशेचा क्रम मात्र सामान्य लेखनात क्वचितच येतो. पेशींना प्राणवायूची चाहूल कशी लागते, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कार्याच्या केंद्रस्थानी ‘एचआयएफ’ हे प्रथिन आहे. प्राणवायू पुरेसा असताना पेशी ते सतत बनवितात आणि सतत मोडून टाकतात. प्राणवायू घटला की मोडणे थांबते आणि ते शेकडो जनुकांना जागे करते. या प्रथिनाचे दाहाशी थेट नाते आहे. दाहाची मुख्य कळ मानले जाणारे ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन एचआयएफच्या निर्मितीला चालना देते, हे २००८ मध्ये दाखविले गेले. मॅक्रोफेज पेशी एचआयएफच्या प्रभावाखाली आपली ऊर्जा प्राणवायूविना मिळविण्याच्या मार्गाने मिळवू लागतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहकारक द्रव्य अधिक बनवितात. न्यूट्रोफिल या पेशींचे आयुष्य एरवी तासांत मोजावे इतके अल्प असते. प्राणवायू कमी असताना त्या मरण लांबवितात, आणि ज्या ऊतीत त्या रेंगाळतात तिची हानी करीत राहतात. शिवाय या पेशी स्वतः प्राणवायू खातात, त्यामुळे सुजलेल्या जागी त्याची टंचाई आणखी वाढते. विषाणू नसतानाही उंच पर्वतावर गेलेल्या निरोगी माणसांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ चे प्रमाण वाढलेले आढळले आहे. एल्टझिग व कार्मेलिएट यांनी २०११ मध्येच या दुहेरी नात्याचा विस्तृत आढावा घेतला होता. म्हणजे महासाथ येण्याच्या नऊ वर्षे आधी.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, अन्यथा एका सोप्या कथेच्या जागी दुसरी सोपी कथा येईल. प्राणवायूची घट दाहाला केवळ चेतवीत नाही, काही मार्गांनी ती त्याला आवरही घालते. कमी प्राणवायूत ऊतींमध्ये ॲडिनोसिन साचते आणि ते प्रतिकारपेशींना शांत करते. २००५ मधील एका प्रयोगात फुप्फुसदाह झालेल्या उंदरांना शुद्ध प्राणवायू दिला असता हा नैसर्गिक लगाम सुटला आणि इजा वाढली. ‘प्राणवायू’ या आपल्या शब्दातच जीवनदान गृहीत आहे, त्यामुळे तो जास्त झाल्याने अपाय होऊ शकतो ही गोष्ट मराठी कानाला विचित्र वाटते. परंतु तो हाल्डेन यांच्या काळापासून मात्रेने देण्याचा पदार्थ आहे, आणि योग्य मात्रा कोणती हा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही. २०२० च्या एका फ्रेंच चाचणीत प्राणवायूचे लक्ष्य कमी ठेवलेल्या गटात ९० दिवसांतील मृत्यू ४४.४ टक्के तर जास्त ठेवलेल्या गटात ३०.४ टक्के होते, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. याउलट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोविड रुग्णांच्या चाचणीत कमी लक्ष्याच्या गटाला यंत्रांच्या आधाराविना जिवंत राहण्याचे दिवस अधिक मिळाले. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण आणि लक्ष्ये सारखी नव्हती, हे ध्यानात घेऊनही एकच आकडा सर्वांना लावता येत नाही एवढे स्पष्ट होते.

वादळ मोजले तेव्हा

एखादे रूपक खरे की खोटे हे ठरविता येत नाही. पण त्यामागील मोजमाप तपासता येते. ‘वादळ’ म्हणायचे तर रक्तातील सायटोकाइन इतर गंभीर विकारांपेक्षा अधिक असावीत. २०२० मध्ये लाइझमन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध अभ्यासांचे एकत्रीकरण केले. गंभीर कोविडमध्ये इंटरल्युकिन-६ चे सरासरी प्रमाण निरोगी माणसापेक्षा जास्त होते, यात शंका नाही. परंतु इतर कारणांनी होणाऱ्या तीव्र श्वसनविकारात ते त्याच्या सुमारे १२ पट, जंतुदोषात सुमारे २७ पट, आणि ज्या विकारावरून वादळाची उपमा घेतली त्या प्रतिकारपेशींच्या उपचारोत्तर उद्रेकात सुमारे १०० पट होते. उपमेयापेक्षा उपमान शंभर पटींनी मोठे असेल तर त्या अलंकाराला साहित्यशास्त्रात अतिशयोक्ती म्हणतात. अर्थात रक्तातील पातळी म्हणजे फुप्फुसातील पातळी नव्हे. वायुकोशात स्थानिक उद्रेक असू शकतो. पण मग वादळ हा सर्व आसमंत व्यापणारा शब्द आणखीच गैरलागू ठरतो.

उपचारांच्या चाचण्या याहून बोलक्या आहेत. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत २,१०४ रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिले गेले व ४,३२१ रुग्णांना नेहमीचे उपचार. एकूण निष्कर्ष जगभर गाजला तो जून २०२० मध्ये. परंतु खरा आशय त्याच्या विभागणीत आहे. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ प्राणवायू घेणाऱ्यांत ते २६.२ वरून २३.३ वर आले. आणि ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांच्यात ते १४ टक्क्यांऐवजी १७.८ टक्के झाले. हा शेवटचा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक नाही, पण लाभाचा त्यात मागमूस नाही. औषध तेच, विषाणू तोच. फरक घडविला तो प्राणवायूच्या गरजेने.

२०२१ मध्ये याच चाचणीने टॉसिलिझुमॅब या इंटरल्युकिन-६ रोखणाऱ्या औषधाचा लाभ दाखविला. मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. या आधीच्या काही चाचण्यांत तसा लाभ दिसला नव्हता. येथे रुग्णनिवडीचे निकष पाहण्यासारखे आहेत. प्राणवायूची संपृक्तता ९२ टक्क्यांहून कमी किंवा प्राणवायूची गरज, आणि सोबत रक्तातील सीआरपी हे दाहाचे माप किमान ७५. दोन्ही एकत्र. दाह व न्यूनता ही जोडी ओळखूनच ही निवड केलेली होती.

वादळाच्या तर्कानुसार मोठ्या उद्रेकाला मोठी मात्रा हवी. २०२३ मध्ये हाही प्रश्न निकाली निघाला. श्वसनयंत्राची गरज नसलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोनची अधिक मात्रा दिली असता मृत्यू १२ टक्क्यांऐवजी १९ टक्के झाले.

या पुराव्याचीही मर्यादा सांगितली पाहिजे. प्राणवायूची गरज हे दाहाचे थेट माप नाही. ते काळाचेही माप असू शकते. ‘रिकव्हरी’मध्ये लक्षणे सुरू होऊन सात दिवसांहून अधिक झालेल्यांनाच स्पष्ट लाभ झाला. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो, दुसऱ्यात दाह. प्राणवायूची घट बहुधा या दोहोंच्या सांध्यावर येते. म्हणून ती उपयुक्त खूण आहे. तिच्यामागे कोणती एकच जैविक प्रक्रिया आहे असे मानणे मात्र घाईचे होईल. त्याचप्रमाणे कोविडचा निष्कर्ष इन्फ्लुएंझाला तसाच लावता येत नाही. तेथे स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांत मृत्यू अधिक असल्याचे निरीक्षणात्मक अभ्यास सांगतात, आणि अधिक आजारी रुग्णांनाच ते दिले जात असल्याने कार्यकारण ठरविता येत नाही.

महाराष्ट्रातील अनुभव

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२० मध्येच सौम्य रुग्णांना स्टेरॉइड न देण्याची शिफारस केली होती. तरीही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे ती घरच्या घरी, लक्षणांच्या पहिल्याच दिवसांत घेतली गेली. येऊ घातलेल्या वादळाला आधीच बांध घालावा, ही त्यामागील समजूत होती. छातीच्या सीटी स्कॅनचा ‘स्कोअर’ हा तर गावोगावी संभाषणाचा विषय झाला. संपृक्तता ९७ असलेला रुग्ण स्कोअर ८ आला म्हणून भयभीत होत होता. ३ मे २०२१ रोजी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांना अनावश्यक स्कॅनविरुद्ध आणि लवकर दिलेल्या स्टेरॉइडने विषाणू वाढण्याच्या धोक्याविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. त्याच महिन्यात म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य आजार अधिसूचित करण्याची वेळ केंद्र सरकारवर आली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची प्रमुख कारणे होती. महाराष्ट्रात अनेकांनी त्यात डोळा किंवा जबडा गमावला. एका रूपकाची किंमत एवढी असू शकते.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ‘प्राणवायूची गरज’ आणि ‘प्राणवायू मिळणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ब्रिटिश चाचणीला सांगावे लागले नाही. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याला ते शिकावे लागले. २१ एप्रिल रोजी नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. त्यांच्या मृत्यूचे कारण कोणत्याही सायटोकाइनात शोधता येणार नाही.

त्या तुलनेत महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने प्रचारात आणलेली सहा मिनिटे चालण्याची साधी चाचणी शास्त्रदृष्ट्या अधिक भक्कम होती. बसलेल्या रुग्णात झाकलेली घट चालताना उघडी पडते. कोविडमध्ये अनेक रुग्ण संपृक्तता ८० पर्यंत घसरूनही शांतपणे बोलत असत, कारण श्वासाची तगमग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते आणि तो वायू सुरुवातीला बाहेर पडत राहतो. ‘दम लागत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा घरगुती निकष म्हणून निरुपयोगी होता.

ज्या आकड्यावर हे सारे उभे आहे त्याचीही चिकित्सा व्हायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर आजाराची रेषा ९० टक्क्यांखाली आखली, अमेरिकेच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने ९४ खाली, ‘रिकव्हरी’च्या टॉसिलिझुमॅब चाचणीने ९२ खाली. ९१ संपृक्ततेचा रुग्ण एका नियमाने गंभीर आणि दुसऱ्याने नाही. शिवाय बोटाला लावायचे ते यंत्र, ज्याचे तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये मांडले, त्वचेच्या आरपार जाणाऱ्या प्रकाशावर चालते. २०२० मध्ये मिशिगन येथील संशोधकांनी दाखविले की, यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असताना धमनीतील खरी संपृक्तता ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. २०२२ मधील दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासानुसार या चुकीमुळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक रुग्णांची उपचारपात्रता उशिरा लक्षात आली, काहींची तर आलीच नाही. स्टेरॉइड द्यावे की न द्यावे याची रेषा जर ९४ वर आखायची असेल, तर सावळ्या बोटावरील ९४ म्हणजे नेमके किती, हे आपल्याकडच्या रुग्णालयांत धमनीच्या रक्ताशी ताडून पाहणे हे पुढील संशोधनाचे पहिले काम ठरते. त्यासाठी महागडी सायटोकाइन-चाचणी लागत नाही. अतिदक्षता विभागात रोज होणाऱ्या रक्तवायू-तपासणीच्या नोंदी आणि त्याच क्षणी यंत्राने दाखविलेला आकडा एवढे पुरेसे आहे.